जास्तीचा भात

चातुर्मासात मी मौन धरून जेवते. पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा नेम.

माझी सून ऋजुता शिक्षिका आहे. बरेच दिवस तिला झोप लागत नव्हती. विचारलं की "काही नाही, आई," म्हणायची. मी आपली दुधात जायफळ घाल, तळपायांना तूप चोळ, स्तोत्र म्हण, असं सांगत राहायचे.

त्या रविवारी मला वाढता वाढता ती खालीच बसली.

"आई, शाळेत जायचं म्हटलं की छातीत धडधडतं. वर्गात हातपाय गार पडतात. तुम्हाला सांगावं तर तुम्ही लगेच उपाय सांगता, म्हणून बोलत नव्हते."

जायफळ माझ्या अगदी जिभेवर आलं. ताकभात संपत आला होता. हात धुतले की मी बोलणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी भाताच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. तिनं वाढला. ती बोलत राहिली, मी जेवत राहिले. भात संपला की पुन्हा बोट.

शेवटी ती म्हणाली, "मला डॉक्टरांकडे जावंसं वाटतंय. मनाच्या."

तेव्हा कुठे मी उठून हात धुतले.

"उद्याच जाऊ. मी येते सोबत."

ती डोळे पुसत हसली. "आई, आज केवढा भात जेवलात!"

"पोट केव्हाच भरलं होतं गो. तू बोलत होतीस ना."

"डॉक्टरांना जायफळ नाही ना सांगणार?"

"त्यांची झोप उडाली असेल तरच."