चावतो, मुसकं बांधून तपासावं

मी एक जुनं मुसकं आहे. बैलाच्या तोंडाला बांधतात ते जाळीचं मुसकं म्हणजे माझं चुलत भावंड. मी कुत्र्यांचं, चामड्याच्या पट्ट्यांचं. मित्रांनो, मला बघून कुणाला प्रेमाचं भरतं यावं असं माझ्यात काही नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ऐका. बारा वर्षं मी दुसऱ्यांची तोंडं बंद केली, आता एकदा मला बोलू द्या.

एका कारागिराने मला दप्तरं शिवून उरलेल्या कातड्यातून कापलं. नाकाला घासू नये म्हणून आतून मऊ लोकरीचं अस्तर शिवलं, कानामागे अडकवायला पितळी बक्कल लावलं, आणि कुणाला दुखवू नकोस म्हणून बजावलं. तिथून मी थेट जनावरांच्या दवाखान्यात आलो. दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेर बाकं, एका बाजूला कुत्रेवाले, दुसऱ्या बाजूला मांजरवाले आणि मधे वजनकाटा. आत स्टीलचं टेबल, आणि टेबलामागच्या खिळ्यावर मी.

डॉक्टरताई तेव्हा नव्या होत्या. पहिल्याच आठवड्यात एका गलेलठ्ठ कुत्र्याने त्यांचं मनगट फोडलं आणि माझा भाव वधारला. त्यांच्या हाताखाली एक मावशी होत्या. जनावर धरायचं, टेबल पुसायचं आणि येईल त्याला चार शब्द सुनवायचे, ही त्यांची कामं. हे मुसकं आहे म्हणून माझी दहाही बोटं जागेवर आहेत, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मीही फुशारून जायचो. कुत्री मात्र मला पाहिलं की शेपूट पोटाखाली घालायची.

दवाखान्यात प्रत्येक जनावराचा एक कागद असतो. एखाद्याने एकदा दात दाखवले, की त्याच्या कागदाच्या डोक्यावर लाल शाईने लिहिलं जायचं: चावतो, मुसकं बांधून तपासावं. मग तो पुन्हा आला, की त्याला काय होतंय हे विचारायच्या आधी मावशींचा हात खिळ्याकडे जायचा.

ताईंचा एक नेम होता. कधी एखादं जनावर बरं होणार नसायचं, कधी त्याला घरात ठेवणं धोक्याचं झालेलं असायचं. त्याला कायमचं झोपवण्याचं काम ताईंनाच करावं लागे. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शेवटचं. या दोन्हींच्या मधे ताई मला स्वतःच्या हाताने काढायच्या. कुणी तोंड बांधलेलं जाऊ नये, एवढंच म्हणायच्या. त्या दिवशी त्या धड जेवत नसत.

आता झिपऱ्याचं सांगतो. अकरा वर्षांचा, केसाळ, एका शिंपीआजोबांचा कुत्रा. त्यांच्या शिलाई मशीनच्या पायडलशेजारीच लहानाचा मोठा झालेला. गिऱ्हाइकांची पोरं त्याच्या अंगावर लोळायची आणि तो हूं की चूं करायचा नाही. असला गरीब कुत्रा एकाएकी गुरगुरायला लागला. आजोबा त्याला घेऊन आले. ताईंनी कान बघायला म्हणून त्याचं तोंड धरलं, तर तो हातावर धावून आला. झालं! त्याच्या तोंडावर मी चढलो आणि कागदावर लाल शाई.

पुढच्या दोन्ही खेपांना मी आधीच त्याच्या तोंडावर होतो. ताईंनी कान पाहिले, छाती ऐकली, पोट दाबलं, ताप मोजला. कानाला औषध दिलं, कातडीला मलम दिलं, शेवटी मन शांत राहायच्या गोळ्या दिल्या. सगळं पाहिलं, फक्त तोंड नाही. तोंडावर मी होतो ना.

आत काय चाललंय ते मला कळत होतं. त्याच्या श्वासाला सडका वास होता. डावा पट्टा गालावर आवळला की तो थरथरायचा, आणि ताईंना वाटायचं, भितोय. माझ्या अस्तराला पिवळट लाल डाग पडायचा. मावशी मला धुताना नाक मुरडायच्या. कुत्र्याच्या तोंडाला काय अत्तराचा वास येणार आहे, असं म्हणत त्यांनी तो डाग साबणाने घासून काढला. मी कुणाला सांगणार, आणि कसं?

चौथ्या खेपेला आजोबांच्या उजव्या हाताला पट्टी होती. झिपऱ्या त्यांनाच चावला होता. बरोबर त्यांचा मुलगा आला होता. घरात आजोबांची नात नुकती रांगायला लागली होती. आज बाबांचा हात, उद्या तिचा चेहरा, असं तो म्हणाला. मुलगा वाईट नव्हता, बोलताना तोही झिपऱ्याची पाठ थोपटत होता. झिपऱ्याला कायमचं झोपवायच्या कागदावर आजोबांनी डाव्या हाताने कशीबशी सही केली.

ताईंनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. झिपऱ्याची मान टेबलावर टेकली. दुसरी सुई भरून ट्रेमध्ये तयार होती. ताईंनी नेमाप्रमाणे माझं बक्कल सोडलं. मी निघालो तशी त्याच्या ओठातून घाणेरड्या पुवाची धार टेबलावर आली. ताईंनी कापूस घेतला, पुसायला म्हणून ओठ उचलला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. वरची मोठी दाढ उभी चिरली होती. हिरडी सुजून काळीनिळी झाली होती, आणि डोळ्याखालच्या दाट केसांत पुवाचं गळू दडलेलं होतं.

ताईंनी ट्रे उचलून मावशींच्या हातात दिला आणि तो बाहेर न्यायला सांगितला. मग त्या आजोबांकडे वळल्या.

"आजोबा, चूक माझी आहे. हा तीनदा आला, तीनदा मी त्याचं तोंड बांधलं. एकदाही उघडून पाहिलं नाही. हा दुखण्याने चावत होता."

आजोबांनी वाकून ती दाढ पाहिली. म्हणाले, "अकरा वर्षांत मी याच्यावर हात उगारला नव्हता. परवा चावला तेव्हा लाकडी पट्टीने मारलं. तोंडावरच मारलं. आता ह्याला कसं सांगू?"

मुलगा भिंतीकडे तोंड करून रडला. झिपऱ्याचं रक्त तपासून त्याच दिवशी ताईंनी भूल देऊन दाढ काढली. दोन आठवड्यांनी तो पुन्हा आला, तेव्हा मावशी खिळ्याकडे वळल्या होत्या, पण ताईंनी नुसती मान हलवली. आजोबांनी स्वतःच्या बोटांनी त्याचा ओठ उचलून दाखवला. झिपऱ्याने त्यांचा हात चाटला, जखमेचा व्रण होता तिथेच.

इथे गोष्ट संपली असती तर मीही सुटलो असतो. पण झिपऱ्या घरी गेल्यावर ताईंनी कपाटातून जुने कागद काढले. लाल शाईचे, कायमचे झोपवलेल्यांचे. एकेक कागद त्या वाचत गेल्या. एका कागदावर थांबल्या. नऊ वर्षांची तांबूस कुत्री, तीन वर्षांपूर्वीची. खाणं अर्धवट टाकते, तोंडाला हात लावू देत नाही, घरच्यांना चावली. ताईंनी कागद उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. मावशींनी चहा आणला, तो तसाच निवला.

ताईंना शंका होती. मला खात्री आहे. त्या कुत्रीच्या श्वासालाही तोच वास होता. तिच्या तोंडावरूनही ताईंनी मला काढलं होतं, पण डोळे भरून आले म्हणून तेव्हा त्यांनी मान फिरवली होती.

हल्ली आमच्याकडे कागदावर लाल शाईने लिहितात: चावतो, गुंगी देऊन तोंड पाहावं. मी क्वचितच खिळ्यावरून उतरतो. माझं चामडं सुकत चाललंय आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमचं गुणी कुत्रं किंवा मांजर कधी अचानक गुरगुरलं, तर त्याला दुष्ट म्हणू नका, मारू तर मुळीच नका. डॉक्टरांकडे न्या आणि धीर करून सांगा, आमच्या बाळाला कुठेतरी दुखतंय, शोधा. एवढं माझ्यासाठी कराच. ती तांबूस कुत्री गुंगी चढेपर्यंत कण्हत होती. तिचं तोंड मी गच्च धरलं होतं, म्हणून ते कुणाला ऐकू गेलं नाही.