सकाळी औषध दिलं का?

माईंच्या पाळणाघरात मूल ठेवायचं म्हणजे आधी करारावर सही. तो कागद माईंना धड वाचता येत नाही, पण सूनबाईनं एकदा वाचून दाखवला तेव्हापासून तोंडपाठ आहे. वाहत्या नाकाचं मूल घेणार नाही. आईबापानं लिहून दिल्याशिवाय औषधाचा थेंब पाजणार नाही.

त्या थेंबाच्या कलमावर बोट ठेवून गुंड्याची आई संध्याकाळी दारात उभी राहिली. बाकीच्या चौघी आया आपापल्या पोरांना बूट घालत होत्या, त्यांच्या देखत.

"माई, घरी हा अर्धा तास झोपत नाही. तुमच्याकडे तीन-तीन तास कसा झोपतो? काल बनियनवर गुलाबी, चिकट डाग होता. काय पाजता तुम्ही?"

चौघींचे हात बुटांवरच थांबले.

"पोर झोपवायला मला मांडी पुरते गं बाई, बाटली लागत नाही!"

"मग डाग कुठून आला? करार तुम्ही मोडलाय. ह्याला पाठवायचं की नाही ते बघते मी. या बायकांनीही बघावं."

एकीनं जिना उतरताना आपल्या लेकीचं तोंड हुंगलं. माईंना ते दिसलं. आज एकीनं हुंगलं, उद्या चौघी हुंगतील, परवा दाराला कुलूप.

दार लागल्याबरोबर माईंनी सूनबाईला धरलं. "तू तर काही पाजलं नाहीस?"

"तुमच्या नजरेआड या घरात मी पाणी तरी पिते का?" सूनबाईनं भांडं आपटलं.

ते खरंच होतं. मग माईंचा संशय गुंड्याच्या आईवर गेला. कोपऱ्यावर रंगीत भिंतींचं नवं पाळणाघर निघालंय. पोर काढायचं तर महिनाभर आधी सांगायचं, हे करारातलं कलम चुकवायला हा बनाव नसेल कशावरून? पण बाई बोलताना थरथरत होती. नाटकी बाई अशी थरथरत नाही.

राहिला कोण? बाप. सकाळी सोडायला तोच यायचा. पोर माईंच्या हातात पडायच्या आत त्याची पाठ फिरलेली. आणि पोराचं नाक कसं, ठणठणीत कोरडं. गेल्या आठवड्यापर्यंत तर धार लागलेली म्हणून दारातूनच परत पाठवलेला! दहा वाजले की गुंड्या मान टाकायचा, आणि माई आपल्या मांडीचं कौतुक करत बसायच्या. ही आपली चूक त्यांनी सूनबाईलाही सांगितली नाही. नुसतं म्हणाल्या, "हजेरीच्या वहीत एक रकाना वाढव."

सकाळी बाप आला. माईंनी वही पुढं केली. त्यानं सवयीनं पेन टेकवलं.

"आधी वाच. मला येत नाही, तुला येतं ना?"

त्यानं वाचलं. 'सकाळी औषध दिलं का?' पुढं हो, नाही, आणि सही.

"हे करारात नव्हतं, माई."

"आजपासून आहे."

"मला उशीर होतोय."

"नाहीवर खूण करायला कितीसा वेळ लागतो?"

पेन 'नाही'च्या वर घिरट्या घालत राहिलं. खाली काही बसेना. गुंड्या माईंच्या कडेवरून बापाकडे बघून हसत होता.

"रजा संपल्यात हो," बाप खालच्या आवाजात म्हणाला. "तिच्याही, माझ्याही. नाक वाहिलं की तुम्ही घेत नाही. सर्दीचं ते गुलाबी औषध चमचाभर दिलं की..."

"की पोर गुंगतं, आणि नाव माईचं!"

"तिला माहीत नाही. तुम्ही सांगू नका, पाया पडतो."

"मी कशाला सांगू? तूच सांग. इथून. लाव फोन."

तो नंबर लावत जिन्याकडे वळला.

"पाठ करून नाही. इकडे तोंड कर."

पलीकडून बायकोचाच आवाज येतोय, याची खात्री पटेपर्यंत माईंनी फोनला लावलेला कान काढला नाही. मग गुंड्याला त्याच्या हातात दिलं. "आज याला दवाखान्यात ने. आणि ते औषध मोरीत ओत."

चौथ्या दिवशी सकाळी गुंड्याची आई स्वतः आली, सगळ्यांच्या आधी, दारात कुणी नसताना.

"माई, चुकलं माझं."

"बैस," माई म्हणाल्या. "चौघींना येऊ दे."

बाई पोराला मांडीवर घेऊन बसून राहिली. एकेक करून तिघी दारात जमल्या. ती उठली, खाली बघत हळूच बोलायला लागली.

"जरा मोठ्यानं," माई म्हणाल्या. "शेवटची अजून जिन्यात आहे."