चुलीमागचा वाफा

"शी! हे काय, बाहुलीचे केस?" क्योंगहोच्या फोनमधलं गुलाबी गवत पाहून मालसुनने तोंड वाकडं केलं.

"आई, पाहुणे आता असल्याच फोटोंसाठी येतात," मुलगा म्हणाला. मोठ्या घरातल्या दोन खोल्या तो प्रवाशांना भाड्याने द्यायचा. "तुझ्या वाफ्यात लावतो. ऊन चांगलं आहे."

"आणि माझा कोबी? मुळा?"

"बाजारात मिळतो की. आता वय झालं तुझं. आमच्याकडेच जेवत जा."

मालसुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेजू बेटावर सून आली की सासू अंगणापलीकडच्या लहान घरात जाते. अंगण एक, चुली दोन. हातपाय चालतात तोवर कुणी कुणाच्या ताटात जेवत नाही. तिच्या सासूने एक्याण्णवाव्या वर्षापर्यंत आपला भात आपण शिजवला होता. इथे थंडीतही माती गोठत नाही, त्यामुळे बारा महिने तो वाफाच मालसुनला पोसत होता. वाफा गेला की चूलही गेलीच!

पण घर क्योंगहोच्या नावावर होतं.

"लाव मेल्या, तुझे केस," म्हणत तिने कोबीची रोपं टोपलीत भरली आणि चालू लागली.

वाफ्यात लावलेल्या गवताला अजून तुरेही नव्हते, तरी पाहुण्या आलेल्या दोन पोरी त्यात लोळून फोटो काढू लागल्या. मालसुनला किळस आली.

आठव्या चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी भाऊबंद थडग्यांवरचं गवत कापायला जमले. शेवटचं थडगं घरच्या संत्र्यांच्या बागेत होतं; बाग केव्हाच दुसऱ्याला कसायला दिलेली. तिच्या मधोमध दगडी कुंपणातलं क्योंगहोच्या बापाचं थडगं तेवढं यांचं. क्योंगहो गवत कापायचं यंत्र सुरू करून कुंपणाच्या आत शिरला आणि थबकला. थडग्याच्या मातीच्या ढिगाभोवती कोबीच्या तीन ओळी होत्या.

"आई! बाबांच्या थडग्यावर? अगं, लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. जन्मभर आळशी होता तुझा बाप. आता तरी संसाराला हातभार लावेल."

चुलते खाली बघून हसू दाबू लागले. क्योंगहोला हसू आलं नाही. त्याने यंत्र बंद केलं, उकिडवा बसला आणि रोपांमधलं गवत हाताने उपटू लागला.

"मुळासकट उपट," ती म्हणाली.

दुपारी सगळे मोठ्या घरी जेवायला बसले. सुनेने हाक मारली. "तुम्ही जेवा गं," म्हणत मालसुन आपल्या घरात गेली आणि तिने स्वतःपुरते वाटीभर तांदूळ धुवायला घेतले.