वकिलांना दिलेला शब्द

नगरपालिकेत दोन्ही पक्षांचे पंधरा-पंधरा सदस्य होते, म्हणून एक जुनी रीत पाळली जाई. एका बाजूचं कुणी आजारी पडलं की दुसऱ्या बाजूचं एक माणूस मतदानाच्या वेळी आपण होऊन बाहेर बसायचं. लेखी काही नाही, सगळा कारभार शब्दावर. मतं समसमान पडली तर ठराव बारगळायचा.

या वेळी विरोधी बाकांवरचे वकील इस्पितळात होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी फोन केला, "वहिनी, माझ्या जोडीला बाहेर बसाल ना?" समोरच्या पक्षाच्या सदस्य असलेल्या वहिनी बसते म्हणाल्या. आणि नेमक्या त्याच सभेत त्यांच्या पक्षाने बाजार हलवण्याचा ठराव आणला. वकील नाहीत, म्हणूनच आणला.

सभागृहाच्या दाराशी भाऊजींनी त्यांना गाठलं. भाऊजी पक्षाचे प्रतोद, कोण कुठे हात वर करतो यावर नजर ठेवणारे; आणि वहिनींच्या गेलेल्या यजमानांचे जिवलग.

"आत चला, वहिनी."

"शब्द दिलाय."

"आणि बावीस वर्षं ज्या पक्षाचं मीठ खाल्लं, त्याचं काय?"

"मीठ कसलं, भाऊजी. कार्यालयातल्या चहाची साखरसुद्धा मी घरून नेते."

एरवी ते हसले असते. "वकील बसणारेत का कधी तुमच्यासाठी बाहेर?"

"आमचे हे शेवटचे आजारी होते, मी सभेला येऊ शकले नाही, तेव्हा वकील माझ्यासाठी बसले होते. मतं तुम्हीच मोजली होती ना?"

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "ती गोष्ट वेगळी. आज बाहेर बसलात, तर पक्षात तुम्हाला ठेवणं माझ्या हातात राहणार नाही."

वहिनी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. मुलंबाळं नव्हती, घरी जेवायला येणारी, भांडणारी, रुसणारी सगळी माणसं पक्षातलीच. ती आता दाराच्या पलीकडे होती.

चौदा विरुद्ध चौदा. ठराव पडला.

दार उघडलं. आपली माणसं भिंतीवरच्या सूचना वाचल्यासारखं करत पुढे गेली. विरोधी बाजूच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र हात धरला. "आता आमच्याकडेच या."

"अहो, मला आमचाच ठराव पटला होता," वहिनी म्हणाल्या. बाईंचा हात सैल पडला.

संध्याकाळी भाऊजी घरी आले. नेहमीच्या आरामखुर्चीत न बसता दाराजवळच्या स्टुलावर टेकले.

"वरून निरोप आलाय. कार्यालयाची किल्ली..."

समोरच्याच इमारतीतलं कार्यालय रोज सकाळी वहिनी उघडायच्या. त्यांनी जुडगा काढला. कडी घट्ट होती, नख मोडलं. भाऊजींनी जुडगा घेतला, किल्ली सोडवली आणि घराच्या किल्ल्या परत त्यांच्या हातात दिल्या.

"चहा टाकू?"

"नको. खाली गाडीत माणसं खोळंबलीत."

ते जिना उतरले. वहिनी खिडकीशी गेल्या. गाडीत कुणीच नव्हतं. भाऊजी आत बसले, दार ओढून घेतलं, पण गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसते बसून राहिले.

वहिनींनी चहा टाकला. दोन कप. मग जिन्यात पावलं वाजतात का ते ऐकत राहिल्या. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा चहा उकळत होता.