डाव्या खुब्याचा फोटो

कळपातल्या एडक्याने धडक मारली ती ताराबाईच्या उजव्या खुब्याला. हाड मोडलंय का हे बघायला संगीताने आईला नेऊन कमरेचा एक्स-रे फोटो काढून घेतला. हाड शाबूत होतं. पण डाव्या खुब्याची वाटी जन्मापासून उथळ असल्याचं त्यात निघालं. फोटो बघणारा म्हणाला, "चालणं बंद करा. नाहीतर सांधा बदलावा लागेल."

त्याच दिवशी संगीताने म्हाळू व्यापाऱ्याला निरोप धाडला: सोमवारी या, मेंढरं द्यायची आहेत.

"अगं, डावा कवाच दुखला न्हाई," ताराबाई म्हणाली. "मार उजव्याला बसला. त्यो बी बरा झालाय."

"अप्पा पण असंच म्हणायचे, माय."

ताराबाईची नजर कोपऱ्यातल्या नवऱ्याच्या काठीकडे गेली. फाल्गुनात अप्पा, म्हणजे धुळाजी, छाती चोळत, 'काय न्हाई, काय न्हाई' म्हणत मेंढरांमागं गेले आणि बाजेवर घालून त्यांचा देहच घरी आणावा लागला. परळीच्या शाळेत शिकवणाऱ्या संगीताने तेव्हापासून घरातल्या कुणाच्याही 'काय न्हाई'वर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं.

"देते मेंढरं," शेवटी ताराबाई म्हणाली. "पर आधी हाडाच्या मोठ्या डॉक्टरीनबाईला दाव."

शनिवारी डॉक्टर उज्ज्वलांनी फोटो दिव्यासमोर धरला.

"मावशी, कुठं दुखतंय?"

"माझी लेक म्हनती तितं."

डॉक्टर हसल्या. ताराबाई हसली नाही. "बाई, मेंढी घेताना आमी तिला आधी चालवून बघतो. मला कुनी चालवलंच न्हाई. समदे निस्ता फोटू बघतेत."

"मग चला."

ताराबाईने पदर खोचला. व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. उकिडवी बसली, हात न टेकता उठली. मग डाव्या पायावर एकटीच उभी राहिली आणि तशीच उभी राहून पदर नीट केला. रांगेतल्या बाया कौतुकाने बघत राहिल्या. डॉक्टरांनी तिला निजवून पाय सगळीकडे फिरवून पाहिला.

"वाटी उथळ आहे, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण काही दुखत नसलेल्या पुष्कळ लोकांच्या फोटोत असलं काहीतरी सापडतं. सगळ्यांचं पुढे दुखतंच असं नाही. चालू द्या त्यांना. दुखलं तर लगेच या."

"आणि हिनं लपवलं तर?" संगीताचा आवाज अगदी बारीक निघाला.

ताराबाईने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या बापानं लपवलं. मी न्हाई लपवायची. त्येच्या काठीची आन."

सोमवारी म्हाळूचा टेम्पो धर्मापुरीत दाराशी येऊन थांबला. मेंढरांचं वाडगं रिकामं होतं.

"म्हाळूमामा, मेंढरं द्यायची नाहीत," संगीता म्हणाली.

"निरोप तर तुमचाच हुता की, बाई!"

"माझाच. चुकला."

"आन ताराबाईचा खुबा?"

संगीताने डोंगराकडे बोट केलं. चढावर, पार वर, कळपाच्या पुढे लाल लुगडं चाललं होतं. "गाठा आणि तिलाच विचारा."

म्हाळूने चढ बघितला, आपलं पोट बघितलं आणि टेम्पो वळवला.

संगीताने कोपऱ्यातली अप्पांची काठी घेतली. फाल्गुनापासून तिला कुणी हात लावला नव्हता. ती टेकत संगीता चढाला लागली, आणि निम्म्यातच धाप लागून काठीवर रेलली.

वरून ताराबाई ओरडली, "काय गं संगे, तुजा बी फोटू काढायचा का?"