हात धुतल्यापासून घासापर्यंत

माजिवड्याचे हनोककाका झिराडकर बोलायचे थांबले, की हायवेवरच्या गाड्याही काय झालं ते बघायला थांबतात, असं सांगतात. ते खोटं असेल. पण त्यांची दाढी करायला न्हाव्याला तीन दिवस लागत, हे मात्र शंभर टक्के खरं.

आता अशा माणसाला देवाने बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या घरात जन्माला घातलं. तिथे जेवणाआधी हात धुतले, की पोळीवरची ब्राखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना म्हणायची आणि पहिला घास गिळेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. काकांना ते उभ्या जन्मात जमलं नव्हतं. धुवायचे, बोलायचे, पुन्हा धुवायचे. टाकी रिकामी, मटण गार.

म्हणून त्या शुक्रवारी कल्याणहून आलेला मेहुणा शमुवेल म्हणाला, "दाजी, आज मध्ये तोंड उघडलंत, तर यापुढे ब्राखा मी म्हणणार. तुमच्या खुर्चीत बसून."

"माझ्या बापाच्या खुर्चीत? तू?"

"मला चालेल," फ्लोराकाकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून गरम मटण खाल्लं नाही मी."

घरच्याच बाईने असं म्हटल्यावर काय राहिलं? सगळ्यांनी हात धुतले. काका ओठ आवळून बसले. समोर नारळाच्या दुधातलं मटण, कशिद्याच्या फडक्याखाली दोन पोळ्या.

तेवढ्यात शेजारच्या तुळसाबाईंची नवी सून करिश्मा दार ढकलून आत आली. हातात गरम तुपाची वाटी.

"काका, मम्मींनी घरचं तूप पाठवलंय. थांबा, मीच सोडते मटणावर. आमच्या शीळफाट्याला अशीच धार धरतात!"

या घरात धर्माप्रमाणे मटणाला गाईम्हशीच्या दुधातुपाचा थेंब शिवत नाही, हे त्या पोरीला कोण सांगणार? तिघांचेही हात धुतलेले! काकूंनी डोळे वटारले. शमुवेलने मान अशी हलवली, की चष्मा लोणच्यात पडला. काकांनी तर हातच जोडले.

"अय्यो काका, पाया काय पडताय! तूपच आहे."

वाटी कलली. काकांचा चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला. आत कोंडलेल्या शब्दांनी शर्टाचं बटण उडून पंख्यावर आपटलं. जिभेच्या टोकाशी 'अगं' आलंच होतं, आणि त्यांना आठवलं. ब्राखा म्हणायला बंदी नाही!

त्यांनी पोळ्या उचलल्या, करिश्माच्या डोळ्यांत डोळे घातले आणि डरकाळी फोडली, "बारूख आत्ताऽऽ!"

ब्राखा संपेस्तोवर खालच्या रिक्षा बंद पडल्या आणि करिश्मा वाटीसकट भिंतीला चिकटली. तूप वाटीत, मटण पातेल्यात. काकांनी पोळी मोडली, मीठ लावलं, तुकडे वाटले आणि आपला घास सावकाश चावून गिळला.

"वा दाजी! वाचवलंत!" शमुवेल ओरडला. त्याचा तुकडा अजून हातातच होता.

काकांनी खुर्चीत रेलून मोरीकडे बोट दाखवलं. "जा, धू पुन्हा. करिश्मा, तू बस गं पोरी. या तुपाची गंमत सांगतो. तर आमचे आजोबा झिराडला…"

त्या शुक्रवारीही फ्लोराकाकू गार मटणच जेवल्या.