नवे आधी

“वरची घे नि झाकन लाव गो सुचिता. सगला डबा उपसू नको.”

लग्न होऊन सुचिता नावड्याला आली तेव्हा सासूबाईंनी, चांगुणाबाईंनी, सुकटीच्या डब्यापाशी दिलेली ही पहिली शिकवण. त्या डबा भरतानाच आधी संपवायची सुकट वर लावत. काढताना हात तळाला जायचं कामच नसे.

रबाळ्याच्या ऑफिसात पडद्याकडे बघताना सुचिताला तेच आठवत होतं. डोळे चुरचुरत होते. तिच्या कंपनीच्या इंडेक्समध्ये, म्हणजे रिपोर्ट शोधायच्या सूचीत, कितीतरी लॅबचे कोट्यवधी रिपोर्ट होते. कुणी ‘डेंग्यू’ लिहून ‘नवे आधी’ निवडलं, की यंत्र त्या शब्दाचे लाखो रिपोर्ट धुंडाळी, तारखेनं लावी आणि मग वरचे दहा दाखवी. तोवर लॅबवाल्याचा चहा निवायचा. “भरतानाच तारखेनं लावून ठेवू,” असं सुचितानंच सुचवलं होतं. त्यासाठी सगळा इंडेक्स नव्यानं भरायला घेतला, आणि त्या राखणीत तिच्या दोन संध्याकाळी ऑफिसातच गेल्या.

तिकडे सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेल्या. गावदेवीपुढे दिवेलागणीला दिवा लावायचा त्यांचा नेम आजवर चुकला नव्हता. “तुम्ही उठेपर्यंत मी लावीन, आई,” सुचितानं शब्द दिला होता. दोन दिवस शेजारच्या गोजराकाकूंनी निभावलं. सासूबाई रागावल्या नाहीत, नुसतं भिंतीकडे तोंड केलं. आणि आज काकू माहेरी गेलेल्या.

चारच्या सुमारास भरण संपलं.

“ताई, नारळ फोडू का?” शेजारच्या खुर्चीतून मिथुननं विचारलं.

सुचितानं बटण दाबलं. पडद्यावरचं चाक फिरू लागलं. फिरतच राहिलं.

“राहू द्या. चटणी वाटू त्याची,” मिथुन पुटपुटला.

टीमचे प्रमुख राजवर्धन मागे येऊन उभे राहिले होते. “मॅडम, काहीच फरक नाही. दोन दिवस पाण्यात. जुन्या इंडेक्सवर परत जाऊ. आज कुणी लवकर निघायचं नाही.”

सुचितानं हात मांडीवर ठेवले. भांडायचं त्राण नव्हतं. मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं आणि ती नुसती पडद्याकडे बघत राहिली. निकाल अखेर आले. दहा रिपोर्ट, अगदी ताजे, आणि त्यांच्या डोक्यावर एक ओळ: ‘एकूण ४१,८२,६०७ निकाल’.

इथंच चुकलं होतं, आणि चूक तिचीच होती. डबा नीट लावलेला होता, वरचे दहा पहिल्या झटक्यात हाती येत होते. पण ही एकूणाची ओळ तिनं तशीच ठेवली होती. तेवढ्या एका आकड्यासाठी यंत्र तळापर्यंत मोजत जात होतं.

“सर, हा आकडा काढू या.”

“आकडा? क्लायंटला केवढा आवडतो तो!”

“त्यांना कालचा रिपोर्ट हवा असतो, सर. एकेचाळीस लाख कोण उघडून बघतो?” आवाज नेहमीसारखाच हळू. “हजारापर्यंत मोजू. पुढे ‘हजाराहून जास्त’ एवढंच लिहू.”

राजवर्धननी कपाळ चोळलं. “करा. पण नाही चाललं, तर मग...”

सुचितानं दोन ओळी बदलल्या. पुन्हा बटण दाबलं.

“आयला!” मिथुन म्हणाला. “चाक दिसलंच नाय, ताई. दाबलं की नाय तुमी?”

राजवर्धननी स्वतः तीन-चार शब्द टाकून पाहिले. चेहरा सैल झाला. “मग पेशंटच्या नावाप्रमाणे लावलं, तर तेही असंच पळेल ना?”

“नाही, सर. भरताना एकच क्रम लावता येतो. नावानं मागाल तर पूर्वीसारखंच रेंगाळेल.”

“बरं, यावर एक प्रेझेंटेशन करून टाका ना लगेच. वरच्यांना आजच दाखवतो.”

सुचितानं खिडकीकडे पाहिलं. समोरच्या कारखान्याच्या पत्र्यावर ऊन तिरपं झालं होतं.

“उद्या सकाळी देते, सर.”

एवढं बोलून ती उठलीच. राजवर्धन काही म्हणणार, तोच मिथुन म्हणाला, “मी हाय ना सर, लक्ष ठेवतो. जावा ताई, डोळे बघा तुमचे.”

पाठ अवघडली होती. जिन्यात क्षणभर कठड्याला टेकून तिनं पर्स चाचपली. वाती आणि तेलाची छोटी बाटली दोन दिवसांपासून तशीच होती. मग खाली येऊन तिनं हेल्मेट चढवलं, पदर खोचला आणि टँकरांच्या रांगेतून वाट काढत स्कूटर नावड्याच्या वाटेला, शिळफाट्याकडे वळवली.